‘बंद’ या शब्दाचे दोन अर्थ

सैन्यातून निवृत्त झालेल्या लोकांना वीजक्षेत्रातील कामासाठी तयार करणाऱ्या एका वर्गात मी गेली काही वर्षे शिकवते आहे. त्या वर्गाच्या पहिल्याच तुकडीतील पहिल्याच तासाची गोष्ट. फळ्यावर उपकेंद्राची आकृती काढून मी सांगत होते, की लाइनवर काम करायचे असेल तर आधी ब्रेकर, म्हणजे प्रवाह तोडण्या-जोडण्याचा मोठा स्विच, बंद करायचा, मग दोन्ही बाजूंचे आयसोलेटर (लाइन वेगळी करणारी पाती) उघडायचे आणि मग अर्थिंग करायचे, म्हणजे तार जमिनीशी जोडायची. मागच्या बाकावरून एक जण उठून उभा राहिला. सिग्नलच्या तुकडीत वीस वर्षे काढलेला हा माणूस काहीशा संकोचाने म्हणाला, “मॅडम, बंद म्हणजे नक्की काय? वीज बंद, की ब्रेकर बंद?”

दोन-चार जण हसले. मलाही क्षणभर हा प्रश्न म्हणजे नवख्याचा गोंधळ वाटला, पण उत्तर द्यायला तोंड उघडले आणि लक्षात आले, की गोंधळ माझाच होता. घरात आपण ‘दिवा बंद कर’ म्हणतो तेव्हा प्रवाह थांबवायचा असतो. विद्युतशास्त्राच्या पुस्तकात मात्र ‘बंद परिपथ’ म्हणजे ज्यातून प्रवाह वाहतो आहे असा परिपथ. मी ‘ब्रेकर बंद करा’ असे सांगितले, त्याचा एक अर्थ लाइन मृत करा असा होता आणि दुसरा अर्थ लाइन जिवंत करा असा. कामावरची माणसे ‘ओपन’ (तोडणे), ‘क्लोज’ (जोडणे), ‘ट्रिप’ (आपोआप तुटणे), ‘चार्ज’ (लाइनमध्ये वीज सोडणे) अशा उसन्या शब्दांनी हा पेच टाळतात, आणि मीही प्रत्यक्ष कामात असताना तेच शब्द वापरत असे. वर्गात मात्र शुद्ध मराठी बोलण्याच्या हौसेपायी मी एका माणसाचा जीव घेऊ शकेल असे वाक्य फळ्याशेजारी उभे राहून सहज बोलून गेले होते.

त्याच माणसाने पुढच्या आठवड्यात मला आणखी एक शब्द शिकवला. सरावाच्या वॉकीटॉकीवर नीट ऐकू आले नाही म्हणून मी ‘रिपीट करा’ म्हटले, तर तो हसून म्हणाला, “मॅडम, आमच्याकडे हा शब्द असा वापरत नाहीत. तोफखान्याला रिपीट म्हटलं तर मघाचाच मारा पुन्हा सुरू होतो. ऐकू आलं नाही तर आम्ही ‘से अगेन’ म्हणतो.” एका दाराच्या अलीकडे निरुपद्रवी असलेला शब्द पलीकडे तोफा डागतो, हे त्या दिवशी मला नव्याने कळले. निवृत्त सैनिकांच्या दुसऱ्या नोकरीबद्दल मला जे काही म्हणायचे आहे ते जवळजवळ सगळे या दोन शब्दांत आले आहे, बाकीचा हा लेख म्हणजे त्याचा विस्तार.

या विषयावर जे बोलले जाते त्यात ‘शिस्त’ हा शब्द हमखास येतो. कंपन्यांच्या जाहिरातींत येतो, सत्कार समारंभांतल्या भाषणांत तर येतोच येतो. मला त्या शब्दाचा कंटाळा आला आहे, कारण तो उच्चारला की पुढचा विचार करण्याची गरज उरत नाही. शिस्त म्हणजे वेळेवर येणे, बूट चकचकीत असणे आणि उलट उत्तर न देणे, एवढाच अर्थ नोकरी देणाऱ्याच्या मनात असेल, तर त्यातल्या तिसऱ्या गोष्टीचा वीजक्षेत्राला अपाय होतो आणि दुसरीचा काही उपयोग नाही.

ज्याचा खरोखर उपयोग होतो ती सवय वेगळीच आहे. मिळालेली सूचना जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची, देणाऱ्याने ‘बरोबर’ म्हटल्याशिवाय हात हलवायचा नाही, आणि केलेले काम लगेच लिहून ठेवायचे. वीजक्षेत्रात याला त्रिपदी संभाषण म्हणता येईल : सूचना, तिची पुनरुक्ती, पुष्टी. ऐकायला हे पोरखेळासारखे वाटते, पण सांगितलेले नीट न कळणे किती महागात पडते ते पाहा. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडातील ओंटारिओ मिळून सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली. त्या दुपारी एका नियंत्रण कक्षातील धोक्याची सूचना देणारी संगणक यंत्रणा निकामी झाली होती, ती निकामी झाल्याचे तिथल्या चालकांना कळले नव्हते, आणि बाहेरून येणाऱ्या फोनवर त्यांना जे सांगितले जात होते त्याचा अर्थ वेळेत लागला नाही. तारा गरम होऊन लोंबल्या, झाडांना टेकल्या, एकामागून एक लाइन सुटत गेली. त्यानंतर उत्तर अमेरिकेत वीजजाळ्याच्या विश्वासार्हतेचे नियम ऐच्छिक न राहता कायद्याने बंधनकारक झाले, आणि आज तिथे जाळ्याच्या संचालनाची तोंडी आज्ञा या तीन पायऱ्यांतूनच द्यावी लागते. रेडिओवर वर्षानुवर्षे असेच बोललेल्या माणसाला हे शिकवावे लागत नाही, तर महाविद्यालयातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलाला शिकवताना माझे सहा महिने जातात, कारण आपण ऐकलेले बरोबरच ऐकले आहे अशी त्याची खात्री असते.

इथपर्यंतचे कोणालाही पटेल. पण अनुभव जसाच्या तसा उचलून दुसरीकडे नेता येतो, असे मात्र नाही, आणि या गोष्टीचा सर्वांत महागडा पुरावा अणुऊर्जेच्या इतिहासात आहे.

सैन्य आणि वीज यांचे नाते तिथे जितके घट्ट आहे तितके दुसरीकडे कुठेही नाही. अमेरिकेच्या नौदलात हायमन रिकोव्हर या हट्टी अधिकाऱ्याने पाणबुडीत अणुभट्टी बसवण्याचा ध्यास घेतला, आणि १७ जानेवारी १९५५ रोजी ‘नॉटिलस’ ही पाणबुडी अणुशक्तीवर प्रथम समुद्रात निघाली. तिचे पहिले कप्तान यूजीन विल्किन्सन. रिकोव्हर यांच्याच देखरेखीखाली पेनसिल्व्हेनियात शिपिंगपोर्ट इथे अमेरिकेचे पहिले मोठे नागरी अणुवीज केंद्र उभे राहिले आणि १९५७च्या डिसेंबरात त्याची वीज लोकांपर्यंत पोहोचली. मग एकामागून एक केंद्रे निघाली आणि त्यांना चालक हवे होते, तेव्हा अणुभट्टी चालवलेली तरुण माणसे तयार स्थितीत मिळण्याचे एकच ठिकाण होते : नौदल. सैनिकांना वीजक्षेत्रात आणण्याची इतकी सरळ, इतकी नैसर्गिक वाट क्वचितच कुठे निघाली असेल.

२८ मार्च १९७९ रोजी पहाटे चारच्या सुमारास पेनसिल्व्हेनियातल्याच थ्री माइल आयलंड या अणुवीज केंद्राच्या दुसऱ्या भट्टीत पाणीपुरवठा खंडित झाला, भट्टी आपोआप थांबली, वाढलेला दाब सोडण्यासाठी एक झडप उघडली आणि ती पुन्हा मिटलीच नाही. नियंत्रण फलकावरचा दिवा मात्र झडप मिटल्यासारखे दाखवत होता, कारण तो झडपेची स्थिती सांगत नव्हता, तिला मिटण्याचा आदेश गेला की नाही एवढेच सांगत होता. (आदेश गेला म्हणजे काम झाले, असे समजणारा दिवा! ज्याने तो बसवला त्याने कधी कचेरीत काम केले असावे असे मला नेहमी वाटते.) त्या पाळीवरचे चौघेही नौदलातून आलेले होते. भट्टीतले पाणी उघड्या झडपेतून निघून जात होते, पण दाब राखणाऱ्या टाकीतली पातळी चढताना दिसत होती, कारण खाली तयार होणारी वाफ पाणी वर ढकलत होती.

नौदलात त्यांच्या हाडीमासी एक गोष्ट भिनलेली होती : ही टाकी काठोकाठ भरू द्यायची नाही. वरची वाफेची उशी नाहीशी झाली, की दाबातला जरासा चढउतारही नळ फोडू शकतो, आणि समुद्राखाली नळ फुटणे म्हणजे सगळ्यांचा अंत. त्यांनी शिकवले होते तेच केले, आपोआप सुरू झालेल्या आणीबाणीच्या पाण्याचा ओघ जवळजवळ थांबवला. पाणबुडीतली भट्टी लहान असते, थांबल्यावर तिच्यात उरणारी उष्णताही त्या मानाने थोडी. नागरी केंद्राची भट्टी तिच्या कितीतरी पट मोठी, आणि कोणतीही भट्टी थांबल्यानंतर लगेच पूर्ण शक्तीच्या सहा ते सात टक्के उष्णता तिच्यात तयार होतच राहते. तिथे टाकी भरण्याच्या भीतीपेक्षा इंधनाचा गाभा कोरडा पडण्याची भीती मोठी असायला हवी होती. झडप उघडी असल्याचे ओळखून तो मार्ग अडवायला दोन तासांहून अधिक वेळ गेला आणि तोवर जे वितळायचे ते वितळू लागले होते. गाभ्याचा निम्म्याच्या आसपास भाग वितळला, हे तर वर्षांनंतर आत कॅमेरा सोडल्यावर कळले.

या चौघांना दोष देणे सोपे आहे आणि माझ्या मते अन्यायाचे आहे. ओहायोतील डेव्हिस-बेसी केंद्रात १९७७च्या सप्टेंबरात हाच प्रकार घडला होता, तशीच झडप अडकली होती आणि तिथल्या चालकांनीही पाणी असेच कमी केले होते. भट्टी त्या वेळी फक्त नऊ टक्के शक्तीवर होती आणि वीसेक मिनिटांत खरा प्रकार ध्यानात आला म्हणून निभावले. त्या घटनेचा धडा थ्री माइल आयलंडच्या चालकांपर्यंत कोणी पोहोचवलाच नाही. त्यांच्याकडे होते ते जुने शिक्षण, उत्तम प्रतीचे, दुसऱ्या यंत्रासाठी दिलेले. नव्या मालकांनी त्या शिक्षणावर विसंबून आपले काम वाचवले होते. नौदलाचा माणूस आहे, त्याला काय शिकवायचे, हे वाक्य मी आजही वेगवेगळ्या कंपन्यांत, वेगवेगळ्या रूपांत ऐकते, आणि दर वेळी मला तो खोटे सांगणारा दिवा आठवतो.

या कथेचा पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. अपघातानंतर अणुवीज कंपन्यांनी १९७९च्याच डिसेंबरात एकमेकांचे अनुभव गोळा करून पोहोचवणारी, एकमेकांच्या केंद्रांची झाडाझडती घेणारी एक संस्था काढली आणि तिच्या प्रमुखपदी बोलावले ते यूजीन विल्किन्सन यांना, म्हणजे ‘नॉटिलस’च्या त्याच पहिल्या कप्तानाला. नौदलाची सवय नडली म्हणून कंपन्यांनी नौदलाकडे पाठ फिरवली नाही, नौदलातली दुसरी सवय मागून घेतली : घडलेली प्रत्येक लहानसहान चूक लिहून काढायची आणि ती सगळ्यांसमोर मांडायची.

मला स्वतःला हा धडा पुस्तकातून नव्हे, एका डोंगरउतारावरच्या लाइनवर मिळाला. आमची काही मुले (चाळिशीच्या माणसांना मी मुले म्हणते, ते चालवून घेतात) एका कंपनीत प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणासाठी गेली होती. त्यांतला एक इंजिनिअरांच्या तुकडीतला, पूल बांधलेला, सुरुंग काढलेला, माझ्या वर्गातला सर्वांत हुशार विद्यार्थी. पर्यवेक्षकाने सांगितले, परमिट (लाइनवर काम करण्याचा लेखी परवाना) मिळाले आहे, वर चढा. त्याच्या बाजूला अर्थिंग केलेले नाही हे त्याला खालूनच दिसले होते. तरी तो चढला. वर त्याच्याबरोबरच्या जुन्या लाइनमनने हात लावण्याआधी सवयीने डिस्चार्ज रॉड (तारेतली वीज जमिनीत सोडणारा दांडा) टेकवला आणि ठिणगी उडाली. लाइन तोडलेली होती, पण शेजारून समांतर जाणारी दुसरी लाइन जिवंत होती आणि तिच्यामुळे या तारेवर विद्युतदाब चढलेला होता. कोणाला काही झाले नाही. परत आल्यावर मी त्याला विचारले, “तुम्हाला दिसलं होतं, तर बोलला का नाहीत?” त्याने माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिले की प्रश्नच चुकीचा असावा, आणि म्हणाला, “साहेबांनी सांगितलं होतं ना.”

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि त्याचे कारण पर्यवेक्षक नव्हता. परमिटचे नियम मी त्या माणसाला तोंडपाठ करवून घेतले होते, लाइन तोडणे, ती पुन्हा कोणी जोडणार नाही अशी कुलूपबंद करणे, विद्युतदाब नाही हे तपासणे, अर्थिंग करणे, शेजारच्या जिवंत भागांपासून आडोसा करणे, हे सगळे तो झोपेतही सांगू शकला असता. पण यातले एक जरी राहिले असेल तर ‘मी चढणार नाही’ असे म्हणण्याचा अधिकार त्याला आहे, किंबहुना ते त्याचे कामच आहे, हे मी त्याला एकदाही सांगितले नव्हते. मला ते इतके उघड वाटत होते.

आता आमच्या अभ्यासक्रमात एक तास असा असतो की ज्यात मी ठरवून चुकीची आज्ञा देते, मोठ्या आवाजात, घाईघाईने, वरून फोन आल्याचे नाटक करून. जो नकार देतो तो उत्तीर्ण. पहिल्या वर्षी चौदांपैकी एकानेच नकार दिला, आणि तो विमानवाहू जहाजाच्या धावपट्टीवर काम केलेला होता. तिथे म्हणे धोका दिसला तर सर्वांत कनिष्ठ खलाशीसुद्धा विमानांचे उड्डाण-अवतरण थांबवू शकतो आणि त्याबद्दल त्याला कोणी रागावत नाही. म्हणजे ‘सैनिक प्रश्न विचारत नाही’ हेही एक सोयीचे सुलभीकरणच झाले. कोणत्या सैनिकाला काय शिकवले गेले, हे त्याच्या तुकडीवर आणि कामावर ठरते, आणि ते त्यालाच विचारावे लागते.

नेमके हेच नोकरीसाठीच्या अर्जात हरवते. सैन्यातले काम सैन्याच्या भाषेत लिहिलेले असते आणि मनुष्यबळ विभागातल्या माणसाला ती भाषा येत नाही. डिझेल जनित्रांचा संच चालवून सीमेवरच्या अख्ख्या तळाला अखंड वीज पुरवणारा माणूस आपल्या अर्जात तुकडीचे नाव, हुद्दा आणि पदके लिहितो. जनित्रांची क्षमता, भार कसा वाटला, देखभाल किती तासांनी केली, एक संच बंद पडल्यावर काय केले, हे लिहीत नाही, कारण त्याच्या लेखी ते रोजचेच काम होते. मी त्यांच्याशेजारी बसून अर्ज पुन्हा लिहवून घेते तेव्हा पदकांची ओळ तळाशी जाते आणि जनित्रे वर येतात. पुष्कळांना याचे वाईट वाटते, आणि ते मी समजू शकते.

पवनचक्क्यांच्या कामात या मानाने कमी अडचण येते. उंचीवर काम, दोरांचा वापर, प्रथमोपचार, आगीपासून बचाव, समुद्रातल्या चक्क्यांसाठी पाण्यात टिकून राहणे, ही त्या उद्योगातल्या मूलभूत सुरक्षा प्रशिक्षणाची अंगेच अशी आहेत की निम्मी त्यांना आधीपासून ठाऊक असतात. पाणीपुरवठा आणि वायुवाहिन्या यांबद्दल मला फारसा अनुभव नाही, तिथे पंप आणि झडपा सांभाळणारे माझे दोन विद्यार्थी सुखात आहेत, एवढेच सांगते.

मदतीच्या योजना अनेक देशांत आहेत. अमेरिकेत बांधकाम व्यवसायांतल्या उमेदवारीकडे नेणारी ‘हेल्मेट्स टू हार्डहॅट्स’ आहे, वीज उद्योगाने स्वतः काढलेली ‘ट्रूप्स टू एनर्जी जॉब्ज’ आहे, ब्रिटनमध्ये सैन्य सोडणाऱ्यांसाठी ‘करिअर ट्रान्झिशन पार्टनरशिप’ आहे. या सगळ्यांत मला सर्वांत शहाणपणाची वाटते ती अमेरिकी संरक्षण खात्याची ‘स्किलब्रिज’. तिच्यात सेवेचे शेवटचे जास्तीत जास्त १८० दिवस नागरी उद्योगात शिकण्यात घालवता येतात आणि त्या काळात पगार सैन्याचाच चालू राहतो. पगार चालू असलेला माणूस ‘मला हे येत नाही’ असे मोकळेपणाने म्हणू शकतो. पगार थांबला की माणूस मिळेल त्याला हो म्हणतो, आणि आमच्या धंद्यात येत नसताना हो म्हणणारा माणूस स्वतःला आणि इतरांना भाजतो.

हुद्द्याचे दुःख वेगळे. ज्याच्या हाताखाली शंभर माणसे होती तो पंचविशीतल्या पर्यवेक्षकाच्या हाताखाली उमेदवारी करतो. लाइनमनचे काम पूर्ण अंगी बाणायला तीन-चार वर्षे लागतात आणि त्याला जवळचा रस्ता नाही, असू नये. काही जण पहिल्या वर्षातच सोडून जातात. त्यांना मी थांबवत नाही. जे टिकतात ते बहुधा त्या पोराचे शिक्षक होऊन बसतात, त्याच्या नकळत.

आणि एक गोष्ट आवाजाची. जुन्या उपकेंद्रांत हवेच्या झोताने ठिणगी विझवणारे ब्रेकर असतात आणि ते ट्रिप होताना बंदुकीची फैर झडावी असा आवाज होतो. पहिल्या भेटीच्या वेळी तो आवाज झाला तेव्हा माझ्या तुकडीतले तिघे जमिनीवर होते. उठून कपडे झटकताना त्यांच्या चेहऱ्यावर जी शरम होती ती पाहून मला माझीच लाज वाटली, कारण आवाज होणार हे मला ठाऊक होते. तेव्हापासून मी आधी सांगते, उलटी गणती करते, आणि ज्याला बाहेर उभे राहायचे असेल त्याला कारण विचारत नाही.

तो सिग्नलवाला आज एका मोठ्या उपकेंद्रात पाळीप्रमुख आहे. गेल्या महिन्यात नव्या तुकडीला घेऊन मी तिथल्या एका फीडरवर (उपकेंद्रातून निघणाऱ्या लाइनवर) प्रात्यक्षिकासाठी गेले होते आणि परमिट मागायला त्याच्या नियंत्रण कक्षात फोन लावला. ऊन वाढत होते, मुले ताटकळली होती, मी जरा घाईतच म्हटले, “फीडर चारचा ब्रेकर बंद करून द्या.”

पलीकडे क्षणभर शांतता होती.

“से अगेन, मॅडम,” तो म्हणाला.

मी मुलांकडे पाठ केली आणि सावकाश म्हटले, “फीडर चारचा ब्रेकर ओपन करा.”

“फीडर चारचा ब्रेकर ओपन करतो.”

“बरोबर,” मी म्हटले, आणि वहीत वेळ लिहिली.